वर माणूस आहे

कुंपणाची तार मी दोन्ही हातांनी धरली तेव्हा दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. घड्याळ मी आधीच उतरवून हसनभाई मुकादमांच्या हाती दिले होते, कारण विजेच्या तारेला हात लागला की माझ्या मनगटावरचे घड्याळ कायमचे थांबत असे. तोवर अशी पाच घड्याळे गेली होती आणि सहावे सासऱ्यांनी दिलेले होते.

"साहेब, जपून," हसनभाई हलक्या आवाजात म्हणाले. "कालच्या शिपायाला या तारेनं दहा फूट फेकलाय."

"दहा नाही, सात. मी मोजलं आहे."

"सात का! मग काय, मजेतच असेल तो."

प्रवाह तळहातांतून आत शिरला. जिभेवर तांब्याची चव आली, मानेवरचे केस उभे राहिले आणि छातीत पाणी उकळल्यासारखे वाटू लागले. मी मनात आकडे मोजत राहिलो. नऊला चव ओसरली. मी तार पक्कडीने तोडली आणि आत पाऊल टाकले.

मागून फौजदार सुर्वे ओरडले, "तडितवीर! किती वेळ लागेल?"

"चारच्या आत."

"चारनंतर काही उपयोग नाही, हे मलाही कळतं हो!"

"मी हाक मारेपर्यंत कोणी आत येऊ नका. घाई केलीत तर चारचीही वाट पाहावी लागणार नाही."

ही १९८४ सालची गोष्ट. मी तेव्हा तेहेतीस वर्षांचा होतो आणि तालुक्याच्या वीज कार्यालयात कनिष्ठ अभियंता होतो. त्याआधी चौदा वर्षे एका अपघातानंतर माझ्या शरीराला वीज पचवण्याचा गुण आला होता. त्याचा उपयोग मी लोकांसाठी करीत असे. तुटलेल्या तारेखाली सापडलेली गुरे सोडवली, विहिरीच्या पंपाला चिकटलेली माणसे सोडवली, एकदा एसटीच्या टपावर पडलेली जिवंत तार हातात धरून बावन्न प्रवासी उतरवले. वर्तमानपत्रांनी मला 'तडितवीर' असे नाव दिले. आमचे लाइनमन मला 'वीजगिळ्या' म्हणत. बुरख्यामागे त्यांचा ताम्हणकर साहेब आहे हे फक्त त्यांच्यातल्या हसनभाईंना आणि माझ्या पत्नीला, शैलाला, ठाऊक होते. काळ्या रेनकोटावर तो बुरखा तिनेच शिवून दिला होता. त्यात उकाडा फार होई.

माझ्या शक्तीला मर्यादा होती आणि ती मी वहीत नोंदवून ठेवली होती. अकरा हजार व्होल्टची तार मी तीन सेकंद धरू शकत असे, चौथ्या सेकंदाला डोळ्यांपुढे अंधारी येई. त्या दिवशी मी ज्याच्याकडे चाललो होतो त्याच्याजवळ माझ्या वहीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या निदान तीसपट वीज साठवलेली होती.

तीन दिवसांपूर्वी कार्यालयात फुलस्केप कागदावर एक पत्र आले होते. परिच्छेदांना क्रमांक, समासाची रेघ, खाली सही. मंगळवारी दुपारी चार वाजता गावावरच्या कातळसड्यावरील मनोऱ्यातून तालुक्याला हवेतून वीजपुरवठा सुरू होईल आणि त्या क्षणापासून सर्व तारा व खांब निरुपयोगी ठरतील, आणि कोणी अडवायला आले तर तो चारच्या आधीच सुरू होईल, असे त्यात लिहिले होते. सही मी पाहताक्षणी ओळखली. तिसऱ्या वर्षाला ती माझ्या जर्नलच्या प्रत्येक पानावर होती. दिगंबर खांबेटे, निवृत्त नव्हे, बडतर्फ अधिव्याख्याता, विद्युत विभाग.

बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली होती. आवारात साठ फुटी लोखंडी मनोरा उभा होता आणि त्याच्या टोकाला आंघोळीच्या पाण्याचे असते तसे तांब्याचे मोठे घंगाळ उपडे बसवलेले होते. मी जवळून जाताना सवयीने मनोरा खालून वर न्याहाळला. घंगाळाला आधार देणाऱ्या चिनीमातीच्या चकत्यांपैकी तिसरीला आडवा तडा गेला होता. मी तेवढे लक्षात ठेवले आणि शेडच्या दारातून आत गेलो.

आत लोणच्याच्या बरण्या होत्या. ओळीने, मांडणीवर मांडणी, छतापर्यंत. प्रत्येकीला आतून-बाहेरून चहाच्या खोक्यातला वर्ख चिकटवलेला होता आणि झाकणातून पितळी सळई बाहेर आली होती. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात वीज साठवण्याची जी जुनी बरणी असते तीच ही, फक्त इथे ती तीन हजार वेळा मांडलेली होती. हवेला वीज पडल्यानंतर येतो तसा वास येत होता.

मध्यभागी स्टुलावर सर बसले होते. अंगात प्रयोगशाळेचा खाकी कोट, दाढी छातीपर्यंत वाढलेली. उजवा हात एका लाकडी दांड्यावर दाबून धरलेला, डाव्या हातात कप.

"पांढऱ्या रेघेच्या अलीकडे यायचं नाही," ते म्हणाले. मग मान मागे वळवून त्यांनी हाक मारली, "गणू, पाहुणे आलेत. आणखी एक कप ठेव."

मागे कोणीही नव्हते. स्टोव्हशेजारी एक भरलेला कप होता आणि त्यातल्या चहावर साय धरली होती.

"आता तो बुरखा काढ, ताम्हणकर. तासाला उशिरा येणारा मुलगा टाकतो तशीच पावलं अजून टाकतोस."

मी बुरखा काढला.

"सर, प्रकृती कशी आहे?"

"उत्तम. झोप येत नाही, त्यामुळे कामाला वेळ मिळतो. हा दांडा पाहिलास? खाली स्प्रिंग आहे. मी हात उचलला की बरण्या मनोऱ्याला जोडल्या जातात. तू मला ढकललंस तरी तेच, मला गोळी घातली तरी तेच. ते बाहेर फौजदाराला सांगितलंस ना?"

"सांगितलं, सर."

"शहाणा आहेस. चारला मी स्वतः हात उचलेन." त्यांच्या डोळ्यांत एकदम लहान मुलासारखा आनंद आला. "चारनंतर कोणी खांबावर चढणार नाही, ताम्हणकर. तारच नाही तर तारेला चिकटणार कोण? गणूला मी तसं वचन दिलं आहे."

"सर, हिशोबात चूक आहे."

"तुला गणितात किती होते?"

"एकोणसाठ."

"साठाला एक कमी. तो मीच कापला होता. दशांशचिन्ह चुकलं होतं."

"आज ते तुमचं चुकलं आहे, सर. एवढी वीज हवेत अलगद पसरणार नाही. तालुक्यातल्या तारा ती जाळ्यासारखी झेलतील. पुरवठा आम्ही बंद केला आहे, पण त्याचा काही उपयोग नाही, ती बाहेरून येणार. पंप, नळ, पत्र्याची छपरं, सगळं जिवंत होईल. आज मंगळवारचा बाजार आहे. चार-पाचशे माणसं लोखंडी तराजू हातात घेऊन पत्र्याखाली बसली आहेत. फौजदारांनी दवंडी दिली, पण बाजार काही उठत नाही. आणि दवाखान्यातल्या खाटाही लोखंडी आहेत, सर."

ते क्षणभर समोरच्या कागदाकडे पाहत राहिले. ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली.

"हिशोब गणूने तपासला आहे."

गणू पड्यार आमच्या तंत्रनिकेतनातला वायरमन होता. तो चौथी शिकलेला होता आणि त्याला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

माझ्या शक्तीचा तिथे काडीचाही उपयोग नव्हता. मी झेप घेतली असती तर दांडा सुटला असता. मनोऱ्याला मिठी मारून ती वीज अंगावर घेतली असती तर तिच्यातला तिसावा भाग पचवून मी मेलो असतो आणि उरलेले एकोणतीस भाग बाजारावर गेले असते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. तीनला पाच कमी.

घड्याळाखाली एका खिळ्याला लाल पुठ्ठ्याचे पुस्तक टांगलेले होते. त्याला सुतळीने पेन्सिल बांधलेली होती आणि शेजारी पत्र्याची पाटी होती: 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' ज्या शेडमध्ये दुसरा माणूस पाऊल टाकत नव्हता तिथेही सरांनी परमिटचे पुस्तक ठेवले होते.

वीज खात्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. तारेवर काम करायला चढणारा माणूस आधी परमिट घेतो. देणारा स्वतः स्विच उघडतो, म्हणजे प्रवाह तोडतो, त्यात अडसराची खीळ घालतो, तार जमिनीला जोडतो आणि मग स्वतःच्या अक्षरात परमिट लिहून चढणाऱ्याच्या हाती देतो. ते परमिट बाहेर असेपर्यंत कोणीही, साक्षात खात्याचा प्रमुख आला तरी, ती लाइन चालू करीत नाही. काम संपले की ज्याने घेतले त्यानेच, स्वतःच्या हाताने, ते परत करायचे. खांबेटे सरांनी आम्हाला तिसऱ्या वर्षी पहिल्या तासाला विजेचा एकही नियम शिकवला नाही. एवढेच शिकवले, आणि ते सगळ्या वर्गाकडून उभे राहून म्हणवून घेतले.

"सर," मी म्हणालो, "मला परमिट हवं आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "कशासाठी?"

"मनोऱ्यावर वरून तिसरी चकती तडकली आहे. बदलावी लागेल."

"ही युक्ती आहे, ताम्हणकर."

"हो, सर. पण तडाही आहे. आडवा, साधारण दोन बोटं लांब. तुम्ही तसाच भार सोडाल का?"

त्यांनी दांडा आणखी घट्ट दाबला. उजव्या हाताच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या.

"दोन बोटं?"

"दोनला थोडं कमी."

"मागणी नियमात आहे," ते शेवटी पुटपुटले, जणू कोणी त्यांच्यावर अन्याय केला होता. "मागणी नियमात असली की नाकारता येत नाही. गणू, पुस्तक आण."

कोणी आणले नाही. मीही हललो नाही. ते पाहत राहिले आणि मला वाटले, आता सगळे संपले. मग त्यांनी डाव्या हाताने खिशातून लोखंडी खीळ काढली, दांड्याच्या भोकात घातली, दोनदा हलवून पाहिली आणि उजवा हात उचलला. दांडा जागचा हलला नाही.

मी तेव्हा त्यांना पकडू शकलो असतो. रेघ ओलांडायला एक पाऊल पुरेसे होते. पण खीळ खेचायला त्यांनाही तेवढाच वेळ लागला असता. आणि दुसरे असे की परमिट मागितले असताना देणाऱ्याचा हात धरणे मला जमले नाही.

त्यांनी मुख्य स्विच उघडला. मनोऱ्याची तार जमिनीला जोडली. पुस्तक उतरवले, चष्मा पुसला आणि उभ्यानेच लिहू लागले. अक्षर तसेच होते, छापल्यासारखे.

"नाव?"

"रघुवीर ताम्हणकर."

"कामाची जागा, मनोरा. वेळ, तीन वाजून चार." त्यांनी कागद फाडला, पण माझ्या हाती दिला नाही. "परत कोण करील?"

"मी स्वतः."

"दुसऱ्या कोणाच्या हातून मी घेणार नाही."

"नाही, सर."

"एकदा घेतलं होतं." त्यांचा आवाज खाली आला.

"हो, सर," मी म्हणालो. "माझ्या हातून घेतलं होतं."

हे वाक्य मी चौदा वर्षे कोणापुढेही उच्चारले नव्हते.

तंत्रनिकेतनात कार्यशाळेपर्यंत नवी लाइन टाकली होती आणि तिच्या उद्घाटनाला पाहुणे आले होते. गणू पड्यार काम आटोपून खांबावरून उतरला आणि हात धुवायला गेला. त्याचा कोट खांबाच्या ताणाच्या तारेला अडकवलेला होता. खिशातून परमिट डोकावत होते. पाहुणे खोळंबले आहेत, गणूची फेरी वाचेल, सर खूश होतील, असा विचार करून मी ते काढले आणि पळत सरांकडे नेले. सरांनी माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, दारातल्या पाहुण्यांकडे पाहिले, आणि घेतले. तेवढ्यात गणूला आठवले की पक्कड वरच राहिली आहे. परमिट कोटातच आहे असे समजून तो पुन्हा चढला, आणि सरांनी स्विच लावला.

मी परत आलो तेव्हा तो तारेला चिकटलेला होता. मी चढून त्याला मिठी मारली. प्रवाह तुटेपर्यंत ती वीज त्याच्यातून माझ्यात येत राहिली. तो गेला. मी जगलो, आणि वीज पचवणारा झालो. चौकशीत सरांनी एका ओळीचा जबाब दिला: 'परमिट कोणी आणले हे मी पाहिले नाही, दोष सर्वस्वी माझा.' त्यांना बडतर्फ केले. मला त्या वर्षी प्रथम वर्गाची पदविका मिळाली.

सरांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिले. ती नजर वेड्या माणसाची नव्हती.

"ते मी कोणाला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे, सर. मीही सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं."

त्यांनी परमिट माझ्या हाती दिले. "पट्टा नीट बांध. तुला सवय नाही."

मी मनोऱ्यावर चढलो. साठ फुटांवर वारा जोराचा होता. खाली तालुक्याचे गाव, बाजाराची छपरे, दवाखान्याचे कौलारू छत दिसत होते. माझ्या डोक्याला घंगाळ टेकत होते आणि खाली एक माणूस, ज्याला कित्येक दिवस धड झोप नव्हती, स्विचपासून एका हातावर उभा होता. मी तडकलेल्या चकतीशी बसून राहिलो. माझ्याजवळ नवी चकती नव्हती. खिशातला कागद हेच माझे सगळे हत्यार होते.

चारला दहा कमी असताना सुर्व्यांचा धीर सुटला. ते चार शिपाई घेऊन शेडमध्ये शिरले. मला वरून आवाज ऐकू आले.

"बाजूला व्हा, म्हातारबुवा! हे यंत्र ताब्यात घ्यायचं आहे!"

"हात लावू नका!"

"अहो, बंद करायचंय ते!"

"बंदच आहे! पाटी वाचता येत नाही? वर माणूस आहे!"

"कसला माणूस? धरा रे त्याला!"

"वर माणूस आहे!" सर किंचाळले. नंतर हसनभाईंनी मला सांगितले की स्विचसमोर हात पसरून ते असे उभे होते की चार धडधाकट शिपायांना त्यांना हलवता आले नाही. हसनभाई धावत आत गेले आणि त्यांनी सुर्व्यांचा दंड धरला. "फौजदारसाहेब, थांबा. तो खरं बोलतोय. आमच्याकडं असंच असतं. आता त्या स्विचला तो स्वतःच्या बापालाही हात लावू देणार नाही."

"तोच लावेल की!"

"तो तर मेला तरी लावणार नाही."

चार वाजले. दवाखान्याच्या घंटेचे टोले वरपर्यंत स्पष्ट ऐकू आले. बाजारातला गलबला तसाच चालू राहिला. मी उतरलो.

सर स्विचसमोर तसेच उभे होते. मला पाहताच त्यांनी उजवा हात पुढे केला.

"परमिट?"

"काम झालं नाही, सर. चकती मिळाली नाही."

"कधी मिळेल?"

"सांगता येत नाही."

त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला. मग खिळ्यावरची पाटी काढली आणि स्वतःच्या हाताने स्विचवर अडकवली. "काम होईपर्यंत राहील मग हे असं," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. बसल्या जागीच त्यांना झोप लागली. शिपायांनी त्यांना उचलून जीपमध्ये ठेवले तरी ते जागे झाले नाहीत. हसनभाईंनी स्टोव्हशेजारचा तो साय धरलेला कप धुऊन पालथा घातला.

बरण्या रिकाम्या करायला मला नऊ दिवस लागले. ओळीमागून ओळ, माझ्या मर्यादेत.

न्यायालयाने सरांना मनोरुग्णालयात पाठवले. सहा वर्षांनी तिथल्या डॉक्टरांनी विचारले, कोणी नेणारे आहे का? शैला म्हणाली, "त्यात विचारायचं काय? पडवीलगतची खोली रिकामीच आहे." ते आमच्याकडे पाच वर्षे राहिले. फारसे बोलत नसत. जिन्यातल्या दिव्याचे बटण त्यांनी कधी स्वतः दाबले नाही. दर मंगळवारी मात्र चहा घेताना विचारीत, "ताम्हणकर, काम झालं का?"

"नाही, सर. चालू आहे."

"घाई करू नकोस," ते म्हणत आणि त्यांचा चेहरा निवळे.

१९९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी अंथरूण धरले. एके सकाळी मी त्यांची उशी सारखी करीत होतो. त्या दिवशी मंगळवार नव्हता.

"ताम्हणकर, काम झालं का?"

मी त्यांच्याकडे पाहिले. मग कपाटातून पाकीट काढले आणि अकरा वर्षे जपलेला तो कागद, घडीवर विरलेला, त्यांच्या हातात दिला.

"झालं, सर. मी स्वतः परत करतो आहे."

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, स्वतःचे अक्षर ओळखले आणि पेन्सिल मागितली. पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ते त्यांनी एकेक करून विचारले.

"हत्यारं?"

"सगळी खाली आहेत. पक्कडसुद्धा."

"माणसं?"

"सगळी खाली आहेत."

पेन्सिल थांबली. "गणू?"

"गणूही खाली आहे, सर."

"तू पाहिलंस, की कोणी सांगितलं?"

त्या खांबावरून, एकोणीस वर्षांचा असताना, मी त्याला माझ्या खांद्यावर घेऊन उतरलो होतो.

"मीच त्याला खाली आणलं, सर."

त्यांनी मान डोलावली, किती वाजले ते विचारले, वेळ घातली आणि खाली सही केली.